गस्तीची वही

चोरीला गेलेला एक पितळी तांब्या मी अजून विसरलेलो नाही. खून, दरोडे पुष्कळ पाहिले. पण चूक माझीच निघाली ती या प्रकरणात.

तेव्हा मी परभणी जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. दिवाळीनंतर चुडाव्याकडच्या एका गावातली निम्मी माणसं ऊसतोडीला जात आणि घरांना कुलपं लागत. बंद घरं फुटू नयेत म्हणून आम्ही तिथे गस्तीची वही ठेवायचो. बीट अंमलदारानं रोज दुपारी जाऊन तीत सही करायची. वही एका सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या घरी खुंटीला असायची. मुलगा-सून तोडीला गेल्यावर ती एकटीच असे. पुढे मी ती वही मारुतीच्या देवळात हलवली. जागा मध्यावर, एवढंच कारण.

आठवड्याच्या आत बाईचा तांब्या चोरीला गेला. मग अडकित्ता. मग गोधडी. प्रत्येक वेळी अंमलदार जायचा, जबाब घ्यायचा. जुनी गोधडी चोरणारा चोर माझ्या उभ्या नोकरीत भेटला नव्हता, म्हणून मी स्वतः गेलो.

आधी शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "चोर कुठला सायेब. मी दिसभर वट्ट्यावरच बसलेला असतो. हिकडं कुनी बी येत न्हाई."

खबर पक्की होती. मी ती फक्त पुरावा म्हणून टिपून घेतली.

मग बाईची चौकशी. आरोपी असो की साक्षीदार, पोलीस कधी एकदा उठतो असं प्रत्येकाला होतं. ही मात्र लांबण लावत होती. तांब्यावरून स्वतःच्या लग्नावर, तिथून नातवाच्या दातांवर. "बसा की सायेब, लय घाई हाय का," म्हणत उठली आणि पाणी घेऊन आली. पितळी तांब्यात. घरी आलेल्याला पाणी तांब्यातूनच द्यायचं, या सवयीपुढे तिला चोरीचा विसर पडला होता. आम्ही दोघंही तांब्याकडे बघत राहिलो.

माझा आवाज चढला. त्याची लाज आजही वाटते. "मावशी, पोलिसांना खोटी खबर देणं गुन्हा आहे. मुलाला कारखान्यावरून बोलावून घेऊ?"

"त्याला नका सांगू," ती म्हणाली. "वही हितं व्हती तवा तुमचा पोलीस रोज यायचा. सही करून 'आजी, जेवलीस का' इचारायचा. तुमी वही देवळात नेली. देवाला काय मानसं कमी हायेत व्हय?"

मी तांब्या उचलला. पाणी प्यायलो. 'वस्तू घरातच मिळून आल्या, तक्रार नाही' असा जबाब लिहून अंगठा घेतला. त्याच दिवशी वही परत खुंटीला लागली आणि दुसरी शेजारच्या म्हाताऱ्याकडे ठेवली. सही झाल्यावर दहा मिनिटं बसायचं, अशी अंमलदाराला ताकीद दिली. तो हसला, पण बसू लागला. आम्ही कुलूपबंद घरं मोजत होतो. उघड्या दारात बसलेली माणसं यादीत धरलीच नव्हती.

आता मी परभणीत एकटा राहतो. पत्नी गेली, मुलगी परगावी असते. परवा विजेचं मीटर बघायला माणूस आला. त्याला पाणी दिलं, चहाला थांबवलं आणि मीटरबद्दल तीन प्रश्न विचारले. तिन्हींची उत्तरं मला आधीच ठाऊक होती.