जुन्या वस्तऱ्यानं खुंटही ठेवला नाही

दुसऱ्यांदा रक्त आलं तेव्हा मी नवा वस्तरा खाली ठेवला.

"दादा, दाढी करून राह्यला का बकरं सोलून राह्यला?" धाकटा भाऊ म्हणाला.

निजामाचे पोलीस ह्या दाढीवाल्या भावालाच शोधत आहेत. उद्या त्याला जाफराबादवरून वऱ्हाडात पोचवायचंय. रानात लपून वाढलेली दाढी तारेसारखी राठ आहे. नव्या वस्तऱ्याचं पातळ पातं त्या केसांवर थरथरतं आणि त्याचं टोकदार टोक कातडीत घुसतं. मग मी वडिलांचा वस्तरा काढला. रुंद पातं, जाड पाठ, गोल टोक. तो आपल्या वजनानंच खाली उतरत गेला.

"भावजी नवरदेवावानी गोरे दिसून राह्यले," बायको हसली.

मग कोणीच हसलं नाही. कपाळ उन्हानं काळं, गाल पांढरे. कालपर्यंत इथं दाढी होती, हे लांबूनही कळत होतं.

तिनं तव्याची काजळी तेलात कालवून त्याच्या गालांना चोळली. मी बघत बसलो. त्यात काही धोका आहे असं मला वाटलं नाही.

मित्रहो, तुम्ही असता तर थोडे खुंट ठेवले असते का?

दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्यावरच्या शिपायानं त्याच्या गालावरून अंगठा फिरवला, अंगठा पाहिला आणि त्याला बैलगाडीतून उतरवलं.