काळी चारच्या खाली

नांदेडहून गळ्याचं ऑपरेशन करून आणल्यावर बाबा बोलेनासे झाले, आणि काळजी वाटायच्या आधी मला त्यांचा रागच आला. स्वभावाला औषध नसतं आणि माझ्या तर अजिबात नाही. गाठ साधी निघाली म्हणून मी गल्लीत पेढे वाटले होते. डॉक्टरांनी मात्र मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की आवाजाची एक नस दुखावली आहे. वरचा आवाज परत यायचा नाही. खालचा येईल, पण वापरला तर. गप्प बसले तर तोही हळूहळू जाईल. मी हे बाबांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, टॉवेल खांद्यावर टाकला आणि म्हशीला पाणी दाखवायला गेले.

दुसऱ्या कुणाचा आवाज गेला असता तर एवढं काही नव्हतं. पण बाबा गायचे. भीमगीतांची आणि बुद्धगीतांची त्यांची गायन पार्टी होती, आणि आमच्या औंढ्यापासून वसमतच्या पुढपर्यंत जयंती असो, लग्न असो, बारसं असो, लोक त्यांनाच सांगावा धाडायचे. त्यांची पट्टी काळी चार. पुरुषाच्या गळ्याला ही फार उंच. पेटीवाला काळी चारचा सूर धरायचा आणि बाबा त्याच्याही वर जाऊन थांबायचे, तेव्हा मांडवातल्या बायकासुद्धा शिट्ट्या मारायच्या. आमच्याकडे गायक किती चांगला हे कुणी विचारत नाही, कितीत गातो हे विचारतात.

त्या आवाजाचं मी वेगळं देणं लागते. मी सासर सोडून परत आले तेव्हा गल्लीत कुजबुज सुरू झाली होती. बाबा ओट्यावर उभे राहिले आणि काळी चारमध्येच म्हणाले, "माझी लेक हाय. हितंच राहील. कोणाला काही तकलीफ हाय का?" कुणालाच नव्हती. त्यानंतर आजतागायत मला कुणी काही विचारलेलं नाही. आई त्याआधीच गेलेली, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. आणि आता तोच माणूस चहा हवा असला की कपावर बोटाने टकटक करत होता. मी चिडून म्हणायचे, "तोंडानं मागा, मग मिळंल." ते कप खाली ठेवून निघून जायचे. चहा मात्र मी करून ठेवायचेच, आणि तो गारच व्हायचा.

असेच काही महिने गेल्यावर मी पार्टीचा ॲम्प्लिफायर दुरुस्तीला हिंगोलीला नेला. गाणंच बंद होतं तर दुरुस्ती कशाला, हे मला कुणी विचारलं असतं तर मी भांडले असते. दुकान माझ्या शाळेतल्या मित्राचं. त्याचे वडील टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे, आता हा गाड्यांना डेक आणि बेस ट्यूब बसवतो. दारात एक जीप उभी होती आणि तिच्या मागच्या सीटखालून असला काही आवाज येत होता की काउंटरवरचे स्क्रू थरथरत होते.

"हे काय लावलंस? बंद कर," मी म्हणाले.

"बैठ ना जरा. टेस्टिंग चालू है," तो म्हणाला. "इसपे बेस फटा नहीं तो समझ ले स्पीकर पास."

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कुठल्याशा शहरातल्या पोरांचा तो हिप हॉपचा अल्बम होता. गेली कित्येक वर्षं माझा मित्र प्रत्येक स्पीकर त्याच अल्बमवर पास-नापास करत होता. मी त्याला विचारलं, ते काय म्हणतात ते तरी कळतं का तुला?

"समझ में कुछ नहीं आता. छाती में आता," तो हसला. "तू इंग्लिश पढाती ना? तूच बता."

मी ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते. कान देऊन ऐकलं आणि दहातला एक शब्द कळला. शब्द लांबवलेले, शेवटची अक्षरं खाल्लेली, सगळं संथ, दुपारी झाडाखाली आडवं होऊन बोलावं तसं. तो म्हणाला, तिकडच्या मोठ्या शहरांतले गाणारे ह्यांना गावंढळ म्हणून हसायचे, म्हणून ह्यांनी मुद्दाम आपल्याच बोलीत, आपल्याच गल्ल्यांची नावं घेऊन अख्खा अल्बम केला. मला लगेच पुण्याचं होस्टेल आठवलं. "मी येतेय"ऐवजी "मी येऊन राहिले" म्हटलं की खोलीतल्या पोरी उशीत तोंड खुपसून हसायच्या. दोन वर्षं मी तोंड सांभाळून बोलले. ह्या पोरांनी काही सांभाळलेलं नव्हतं. मला त्यांचा हेवा वाटला, आणि मग ती मला आवडायलाच लागली.

परतीच्या एसटीत मी तो अल्बम मोबाइलवर लावला आणि औंढा येईपर्यंत ऐकला. काही गाणी मला नाही आवडली. शिव्या फार, आणि बायकांबद्दल जे बोलत होते ते ऐकून त्यांच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. पण शेवटाकडे एक होतं, ते गाणं म्हणावं की नाही हेही मला ठरवता येईना. खाली नुसता एक जाड ठोका. त्यावर एक माणूस खर्जात, घशातून, जवळजवळ कुजबुजत बोलतो. गात नाही. श्वास घेतलेला ऐकू येतो. तो आपल्या रस्त्यांची नावं घेतो, त्या रस्त्यांवर कोण कोण राहायचं ते सांगतो, आणि मागून दोन-तीन जण त्याचा शेवटचा शब्द उचलतात. आवाज फाटका होता, पण लाजत नव्हता. बसमध्ये माझ्या डोक्यात एकच आलं, की हे बाबांना ऐकवायचं.

ऐकवायचं म्हणजे सोपं नव्हतं. मी भाकरी करताना छोट्या स्पीकरवर लावलं, बाबांनी येऊन बटण बंद केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलं, त्यांनी पुन्हा बंद केलं. तिसऱ्या वेळी मी म्हणाले, "माझं मला ऐकू द्या, तुमी कान झाका." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझ्या हातातली भाकरी तव्यावर पडण्याऐवजी चुलीत गेली. पण त्या दिवशी त्यांनी बंद केलं नाही.

मग एका दुपारी कॉलेजातून आले तर स्पीकर चालू होता. बाबा त्याच्यावर पालथा तळवा ठेवून बसले होते, पाठ माझ्याकडे. अल्बममधला तोच माणूस बोलत होता. मी दारातूनच मागे फिरले, चपलासुद्धा हातात घेतल्या. त्यानंतर मोरीचं दार लावून ते आंघोळीला बसले की पाण्याच्या आवाजाखाली काहीतरी घरघर ऐकू यायची. मी भिंतीला कान लावून उभी राहायचे. सूर नव्हता त्यात, पण ठोका होता. मी हे कुणाला सांगितलं नाही. त्यांना तर नाहीच. बोलले तर ते पुन्हा मिटून जातील ह्याची मला भीती होती.

आणि अशातच पार्टीतले, हट्टा गावचे ढोलकीवाले काका गेले. झोपेतच गेले. बाबांची आणि त्यांची जोडी माझ्या जन्माच्या आधीची. दोघांचं ठरलेलं होतं, आणि ते मी लहानपणापासून चेष्टेत ऐकत आले होते: जो आधी जाईल त्याच्या जलदान विधीला मागे राहिलेल्याने गायचं, आणि रडायचं नाही.

पेटीवाले काका हट्ट्याहून काकूंचा निरोप घेऊन आले. म्हणाले, "वहिनी म्हणून राहिली, तुमी याच. न्हाई जमलं तर नुसतं बसा." बाबांनी खुणेने सांगितलं, गाणार. काकांचा चेहरा उजळला. मी काकांच्या मागे रस्त्यापर्यंत गेले.

"काका, पट्टी खाली धरा. काळी एक धरा. तिथवर तरी गळा जाईल का माहीत न्हाई."

ते थांबले. "कोणाची पट्टी खाली धरू?"

"बाबांची."

"काहून? येवढी वर्षं ह्या बोटांनी त्यांना काळी चार दिली. आता मांडवात सगळ्यांम्होरं त्यांना खाली उतरवू? म्या?" त्यांनी दहाही बोटं माझ्यापुढे धरली. "तू लेक हायस म्हणून ऐकून घेतलं. दुसरं कोणी म्हणलं असतं तर..."

"अहो, आवाज फाटंल त्यांचा! तिथं फाटला तर परत तोंड उघडणार न्हाईत ते कधी!"

"फाटंल तर फाटंल. मान तर राहील," असं म्हणून ते निघून गेले. मी रस्त्यातच उभी राहून त्यांना दोन-चार शिव्या हासडल्या. त्यांच्या कानावर गेल्या असतील. बाबांवर त्यांच्याएवढा जीव टाकणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि तेच आता त्यांचा घात करणार होते. बाबांशी मी हे बोलायला गेले तर त्यांनी हात वर करून मला गप्प केलं.

हट्ट्याला मांडव भरलेला होता. पांढरे कपडे, हार घातलेला फोटो, फोटोपुढे मेणबत्त्या, आणि बाजूला काकांची ढोलकी. ती कुणी वाजवायची नाही असं काकूंनी सांगितलं होतं. त्रिसरण झालं, पंचशील झालं, दोघातिघांनी आठवणी सांगितल्या. मग बाबांना पुकारलं, आता आपल्या उस्तादांचं गीत. लोक सावरून बसले. ज्यांना ऑपरेशनचं माहीत होतं ते खाली बघू लागले, आणि ज्यांना माहीत नव्हतं ते खूश झाले. मी बायकांत बसले होते.

पेटीवाल्या काकांनी भाता ओढला. काळी चार. मला ती पट्टी झोपेतसुद्धा ओळखू येते. बाबांनी माईक जवळ घेतला, डोळे मिटले आणि सूर लावला.

सूर आला नाही. आधी नुसती हवा आली, मग कोंबडीचं पिल्लू पायाखाली यावं तशी एक किरकिर, आणि तीही तुटली. स्पीकरमधून ती अख्ख्या मांडवात गेली. मागे एक लेकरू हसलं, त्याला चापट बसली. काकांनी मान खाली घातली आणि सूर धरूनच ठेवला. बाबांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. त्यांच्या गळ्यावरचा टाक्यांचा व्रण लाल झालेला मला एवढ्या लांबून दिसत होता. मी उठले. काय करणार होते कुणास ठाऊक. बहुतेक पेटी उचलून फेकणार होते. शेजारच्या बाईने माझं मनगट धरलं.

तेवढ्यात बाबांनी वाकून पेटीच्या भात्यावर हात ठेवला. काकांनी वर पाहिलं. बाबांनी भाता हळूच दाबून बंद केला. पेटी गप्प झाली.

बाबांनी माईक अगदी ओठांना लावला. दुसऱ्या हाताच्या तळव्याने मांडीवर एक ठोका दिला. स्पीकरमधून तो जाड होऊन आला. मग दुसरा. आणि त्या दोघांच्या मधल्या जागेत, घशाच्या तळातून, खरखरीत, ते बोलले.

"औंढ्यात गायलो. तू व्हतास."

ठोका.

"सेनगावला जीपच्या टपावर बसून गेलो. ढोलकी मांडीवर. तू व्हतास."

ठोका. श्वास घेतलेला ऐकू आला.

"वसमतला लाइट गेली. माईक बंद. लोक उठून निघाले. तू थाप मारली, लोक बसले. तू व्हतास."

मी खाली बसले. पार्टीतले कोरसवाले दोघे एकमेकांकडे बघत होते. चौथ्या गावाला त्यांच्यातल्या एकाने हळूच शेवटचा शब्द उचलला, "व्हतास". पाचव्याला दोघांनी. मग पुढच्या रांगेतल्या माणसांनी. बाबांनी गावामागून गाव घेतलं, कुठे काय झालं ते सांगितलं, कुठे जेवण मिळालं नाही, कुठे पायी यावं लागलं. आवाज मध्येच जायचा. गेला की ते थांबायचे, घोट गिळायचे, पुढचा ठोका द्यायचे, आणि आवाज जिथून गेला तिथूनच पुन्हा धरायचे. लपवत नव्हते. शेवटी अख्खा मांडव "तू व्हतास" म्हणत होता, आणि काकू फोटोकडे बघत, पदर तोंडात धरून, मान हलवत होत्या. मी मात्र हुंदके देऊन रडत होते. रडायचं नाही हे त्या दोघांचं ठरलं होतं, माझं नव्हतं.

बाबांचं बोलणं संपलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, तसा तो प्रसंगही नव्हता. पेटीवाले काका डोळे पुसत होते. चष्मा हातात, बोटं पट्ट्यांवर, पण पट्टी दाबलेली नाही. गीत अजून राहिलं होतं. पार्टीने एक तरी गीत म्हणायचंच असतं. मग काकांनी मान वर करून विचारलं, आणि माईक जवळ असल्याने ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"उस्ताद, कोणती धरू?"

बाबांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"खाली ये," ते म्हणाले. "म्या हाय तिथं ये."

काकांनी चष्मा लावला आणि काळी एक दाबली. बाबांनी मान हलवली, अजून खाली. काका अजून खाली आले.