पाहुन्यांची वाटी

वासंतीताई कुनाच्याबी घरात शिरली की घरची बाई पानी इचारायची, आनि ताई म्हनायची, "पाणी नंतर. आधी तुमची वाटी दाखवा." बाई वाटी आनायची. ताई पिशवीतून रेघा मारलेला काचेचा पेला काढायची, वाटी पान्यानं काठोकाठ भरायची, ते पानी पेल्यात ओतायची, डोळ्याजवळ धरून बघायची आनि वहीत लिवायची. मंग तेच पानी पिऊन टाकायची. "एवढ्या लांबून डोक्यावर आणता तुम्ही. ओतून कसं देऊ?"

पयल्यांदा आमच्या दारात आली तवा मला वाटलं, भांडी इकनारी हाय. खांद्यावर पिशवी, पिशवीत वाट्या-चमचे खुळखुळतायत, अंगावर सुती साडी आनि साडीखाली शाळेतल्या पोरांसारखे कापडी बूट. मी ओटीवरूनच सांगितलं, "नको बाय, भांडी हायेत घरात."

"मला विकायची नाहीत. तुमची बघायची आहेत."

"भांडी बघायला? सोयरीक जमवायला आलात काय?"

उनात उभी राहून इतकी हसली की चष्मा नाकावरून घसरला. हसनाऱ्या मानसाला दारात कसं ठेवायचं? आत घेतली.

आमचं गाव नायगावच्या खाडीकडं. आता तिथं टॉवर झालेत, मान वर करून मजले मोजले तर मान दुखते. तवा मिठागरं होती. मी लगीन होऊन आले ती मिठागरातच उतरले. नवरा गेला तवा मुलगा शाळेत होता, मंग नवऱ्याच्या वाटनीच्या मिठाच्या पाट्याबी मीच उचलल्या. खाऱ्या पान्यानं पाय फाटायचे, संध्याकाळी खोबरेल लावायचं, सकाळी परत तेच. ते राहू दे. सगळ्यांचं तसंच होतं.

ताई मुंबईच्या एका मोठ्या ठिकानी संशोधन करायची. संशोधन म्हनजे काय, मी इचारलं. ती म्हनाली, "पोटुशी बाई काय खाते, तिच्या रक्तात काय दिसतं आणि तिचं मूल कसं जन्मतं, हे तीन धागे आहेत. ते एकत्र वळता येतात का, ते बघायचं." माझी सून रंजना तवा चौथ्या महिन्यात होती. तिचं पयलं मूल सातव्यातच झालं होतं. दोन दिवस राहिलं आनि गेलं. तवापासून ती पोर कमी बोलायची. हे दुसरं. आमच्या घरात कोनी उघड बोलत नव्हतं, पन सगळ्यांचा जीव त्या पोटावर टांगलेला. मी म्हनलं, लिवा बाई रंजनाचं नाव.

नाव लिवलं, वाटी मोजली. मंग ताई मलाच म्हनाली, माझ्याबरोबर घरोघर चला. मी दुसरीत शाळा सोडलेली. म्हनलं, "मला लिवता येत नाय."

"लिहायला मी आहे. दार उघडायला तुम्ही."

असं आमचं सुरू झालं. मिठागराचं काम नसेल त्या दिवशी ती पुढं बूट घालून, मी मागं अनवानी. प्रत्येक घरात एकच सवाल, काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय खाल्लं? सवाल सुनेला, पन जबाब द्यायची सासू. "दोन वाट्या भात खाते, आमटी, मासे, भाजी. काय कमी नाय हो तिला!" आनि सून खाली बघून लुगड्याचा, नाय, ओढनीचा काठ गुंडाळत बसायची. तवा ताईचं ते वाक्य यायचंच. "खाणारीनं बोलायचं. वाढणारीनं नाही."

एक सासू तिला तडकून बोलली, "तिला काय इचारता? तिला मोजता येत नाय."

ताई म्हनाली, "पोट तिचं आहे ना? मग मोजता येतं."

बांधावरून परत येताना ताई मला इचारायची, "आणि काशीबाई, तुम्ही काल काय खाल्लंत?"

"खाल्लं की."

"काय खाल्लं?"

"उरलं ते."

"वहीत तुमचं पान कोरंच राहतंय बघा," म्हनायची. मला गंमत वाटायची. साठीला आलेल्या बाईचं खानं लिवून काय करनार ही? पन खरं सांगते, माझ्या आईनंतर मला हे इचारनारी ती एकलीच.

एकदा रक्ताचं कळेना म्हनून मी तिला इचारलं, "एवढं रक्त काढून नेता, त्यात काय दिसतं?" आमी मिठाच्या ढिगाजवळ बसलो होतो. ती म्हनाली, "आपण श्वास घेतो ना, त्या वाऱ्यावर शरीराचं काम चालतं. पण काम करता करता आत थोडा गंजही धरतो. पोटात बाळ असलं की काम वाढतं, गंजही वाढतो. शरीर तो पुसत असतं. पण पुसायचा फडका अन्नातून यावा लागतो. हिरवी भाजी, लाल माठ, पेरू, आवळा, चिंबोरी-मासळी. फडकाच मिळाला नाही तर गंज आईलाही खातो आणि बाळाला अन्न जातं त्या वाटेवरही चढतो."

मी म्हनलं, "म्हनून तर आमी मिठागरात लोखंड नेत नाय. मीठ ओढायचं अवजारबी लाकडाचं."

"पण काशीबाई, बाई लाकडाची करता येत नाही ना."

"करतात की. म्हनून तर ती बोलत नाय."

तिनं मंग वही काढून लिवलं. मी म्हनलं, "हे काय खानं हाय का, लिवता ते?" तर म्हनाली, "हे त्याच्याहून महत्त्वाचं आहे."

आता माझी चूक सांगते. लपवून काय करू, या वयात.

माझं दुसरं बाळंतपन दोन दिवस अडलं होतं. मूल मोठं होतं, निळं होऊन आलं. रडलंच नाय. सुइनीनं सासूला सांगितलं, पोरीला लई खायला घातलंत, मूल वाढलं, म्हनून अडलं. तवापासून आमच्या घरात रीत पडली. सातवा लागला की पोटुशीचा भात कमी करायचा. मूल बारीक राहतं, सुखानं सुटतं. माझ्या पुढच्या दोन्ही वेळेला सासूनं तेच केलं, आनि मुलं सुटली. त्यातला एक राहिला, तो रंजनाचा नवरा. मंग मी का नाय मानायची ती रीत? रंजनाला मी पाचव्यापासूनच कमी वाढायला लागले. वैर म्हनून नाय हो. भीतीनं. तिचं पोट बघितलं की मला माझं ते निळं मूल दिसायचं.

आनि ताईला सांगायचे, दोन वाट्या भात. रंजना बाजूला बसलेली, पन ती काय बोलनार? ताई तिलाच इचारायची, ती माझ्याकडं बघून म्हनायची, "दोन वाट्या." खोटं नव्हतंच ते. दोन वाट्याच वाढायचे मी.

महिना गेला, दोन गेले. रंजनाचं वजन काट्यावर जागचं हलेना. रक्त काढायला नर्स यायची, तिनं पापनी खाली ओढून बघितली आनि तोंड वाकडं केलं. ताई कागद मांडीवर घेऊन बसली. "कागदावर ही पोरगी पोटभर जेवते. काट्यावर उपाशी राहते. दोघांपैकी एक खोटं बोलतंय, काशीबाई, आणि काट्याला काही बोलता येत नाही." एवढंच बोलली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाय.

त्याच आठवड्यात न सांगता भर दुपारी आली. आमी जेवायला बसत होतो. म्हनाली, "मलाही वाढा. आज डबा नाही आणला." दारात आलेल्या पाहुन्याला काय, मी पेटी उघडली, माझ्या लग्नातली जाडजूड वाटी काढली, फडक्यानं पुसली आनि तिच्या ताटात भात भरून उलटी केली. रंजनाच्या ताटात रोजच्या वाटीनं वाढलं. पोचे आलेली, छोटी वाटी.

ताई जेवेना. दोन्ही वाट्यांकडं बघत राहिली. मंग तिनं इचारलं, "पहिल्या दिवशी मी मोजली, ती कुठली?"

मी बोलले, "मोठी. पाहुन्यांची."

"का?"

"बाहेरची बाई घरातली वाटी बघायला मागते. पोचे आलेली कशी दाखवू? घराची लाज असते की नाय?"

तिनं काय केलं सांगू? आपलं ताट उचललं, रंजनाच्या पुढं ठेवलं, आनि रंजनाचं ताट आपल्याकडं ओढलं. "मला एवढं पुरतं," म्हनाली आनि जेवायला लागली. रंजनानं माझ्याकडं बघितलं. मी म्हनलं, "खा गो." तिनं सगळा भात खाल्ला. शेवटी बोटं चाटली. तवा मला कळलं, ही पोर दोन महिने भुकेली झोपत होती.

जेवल्यावर ओटीवर मी ताईला ते निळं मूल सांगितलं. मला वाटलं, आता ओरडेल. ती म्हनाली, "ते मूल तुमच्या भातानं गेलं नाही, काशीबाई. वेळेवर दवाखाना मिळाला नाही, म्हणून गेलं. इतकी वर्षं तुम्ही भाताला शिक्षा दिलीत." मी रडले नाय. मला रडायची सवय नाय. पन त्या दिवशी मिठागरात गेले नाय.

पुढच्या आठवड्यात आमी परत सगळ्या घरांत गेलो. या वेळेला ताईनं सवाल बदलला, "रोजची वाटी दाखवा." आनि काय सांगू, घराघरातून निघाल्या की छोट्या वाट्या! कुनाची चेपलेली, कुनाची काठ तुटलेली, एकीनं तर चहाचा कान मोडलेला कप आनला. सगळ्यांनी पयल्या दिवशी पेटीतलीच दाखवली होती. जिनं ताईला तडकून जबाब दिला होता, ती सासू पदरात तोंड लपवून म्हनाली, "तुमी पेला घेऊन आलात, आमाला वाटलं परीक्षा हाय."

ताई बांधावर बसली आनि हसायला लागली. हसता हसता डोळे पुसले. "माझं सगळं गणित पाहुण्यांच्या वाटीनं मांडलं मी!" जुनी पानं तिनं फाडली नाय. त्यांच्यावर आडवी रेघ मारली आनि सगळं परत पयल्यापासून सुरू केलं. तिच्या वरच्या साहेबांना ते आवडलं नाय म्हने. ती मला म्हनाली, "चूक फाडायची नसते, ठेवायची असते. पुढच्यानं बघावी म्हणून."

रंजनाला मंग मी मोठ्या वाटीनं वाढलं. जवळा, लाल माठ, सांडोर गावच्या बाजारवालीकडून केळी, दारातला पेरू. लोहाच्या गोळ्या मी समोर उभी राहून गिळायला लावायचे. पन भीती गेली नव्हती. दिवस भरले तवा पयली कळ आल्या आल्या रिक्षा बोलावली, घरी थांबायचं नाव घेतलं नाय. दवाखान्याच्या बाकड्यावर मी बसून होते आनि मनात एकच, अडलं तर हे माझ्या हातानं.

अडलं नाय. मुलगी झाली, आनि अशी रडली, बाहेर मला ऐकू आलं. ते रडनं ऐकून मी बाकड्यावरून उठले आनि परत बसले.

ताईला मी म्हनलं, "तुमच्या वाटीनं झालं."

"असं मी म्हणणार नाही," ती बोलली. "एका बाळावरून काही सांगता येत नाही. म्हणून तर घरोघर हिंडते. पण काशीबाई, मला आनंद झाला, हे मात्र लिहून घ्या."

"मला लिवता येत नाय."

"मग लक्षात ठेवा."

काम संपलं तवा निरोप घ्यायला आली. नातीला मांडीवर घेतली, मंग म्हनाली, "ती छोटी वाटी मला द्या." मी म्हनलं, "भंगारवालाबी घेनार नाय ती." ती म्हनाली, "माझ्या टेबलावर ठेवीन. कागदावर कुणी पोटभर जेवलं की तिच्याकडं बघीन." दिली. बूट घालून बांधावरून गेली. पिशवी वाजत होती, लांबवर ऐकू येत होती.

मधी कधी फोन यायचा. नात कशी हाय, रंजना कशी हाय, आनि शेवटी, "तुम्ही काय खाल्लंत?" मी म्हनायचे, "खाल्लं की." ती हसायची. मंग फोन यायचे थांबले.

गेल्या दिवाळीनंतर तिच्या हाताखालची एक बाई आमचं घर शोधत आली. मिठागर नाय, बांध नाय, टॉवरच्या मागं आमची चार घरं उरलीत, तरी इचारत इचारत आली. ताई गेली म्हनाली. आजार होता, कुनाला फार सांगितलं नव्हतं. टेबल आवरताना ती छोटी वाटी मिळाली, तीच घेऊन आली होती. बुडाला कागद चिकटवला होता. नातीनं वाचला, ती आता कालेजात जाते. "आजी, यावर 'रोजची' लिहिलंय. खाली तुझं नाव आहे."

त्या बाईला मी जेवायला बसवली. तिलाबी सांगितलं, माझं एक पान ताईच्या वहीत कोरं राहिलंय. ते आता सांगते, कोनी लिवलं तर लिवा.

काल सकाळी चहा आनि तांदळाची भाकरी. दुपारी भात, जवळ्याचं कालवन, लाल माठ. पेरू अर्धा, दात नायत म्हनून किसून. रातच्याला पेज. जेवायला रंजनाच्या बाजूला बसले, तिच्यासंगतीच, मागाहून नाय. भात एक वाटी.

वाटी मोठी, पेटीतली. आता तीच रोजची हाय.