पार्बताबाईंचं स्टूल

राजापेठेतल्या त्या हॉटेलात पार्बताबाई बावीस वर्षं पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा करत होत्या, आणि बावीस वर्षांत एकाही मॅनेजरनं त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली नव्हती. ते बरंच होतं. मग नवे मॅनेजर केदार साहेब आले आणि पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "मावशी, गुडघा फार दुखतो का?"

पार्बताबाईंच्या मनात पाल चुकचुकली. ह्याला काय करायचंय माझ्या गुडघ्याशी? बैलाचे पाय चाचपून पाहणारा माणूस मायेपोटी आलेला नसतो, हे दर्यापूरच्या बाजारात वाढलेल्या बाईला कोणी शिकवायला नको.

दुसऱ्या दिवशी शेगडीपाशी एक स्टूल आलं. "बसून करत जा," साहेब म्हणाले. बसते कशाला! बसली की म्हातारी ठरली. त्या हट्टानं उभ्याच राहिल्या आणि गुडघा सुजवून घेतला.

मग वही घेऊन आली प्रणाली, हॉटेलचं शिक्षण घेतलेली नवी पोरगी. "मावशी, साहेबांनी तुमची पातोडी लिहून घ्यायला सांगितलीय."

आता कसं उघड झालं! कृती वहीत, म्हातारी घरी. पार्बताबाईंनी कांदा, खोबरं, मसाला सगळं घडाघडा सांगितलं. फक्त बेसन शिजल्यावर झाकण ठेवून दोन वाफा द्यायच्या, तेवढं गिळलं.

त्या रविवारी गुडघ्यानं त्यांना उठूच दिलं नाही. हॉटेलात मात्र साखरपुड्याची चाळीस पानं होती. संशय घरी पडू देईना, म्हणून दुपारी ऑटो करून त्या आल्या आणि स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या राहिल्या. वड्या रश्श्यात विरघळून त्याचं पिठलं झालं होतं. नवरीचा मामा कडाडत होता, प्रणाली रडत होती. खरं सांगायचं तर पार्बताबाईंना आधी गंमतच वाटली.

तेवढ्यात साहेब पुढे झाले. "मुलीला बोलू नका. नीट शिकवण्याआधी मी तिला शेगडीपाशी उभं केलं. चूक माझी."

पार्बताबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाहुणे पांगल्यावर त्या लंगडत साहेबांसमोर गेल्या.

"साहेब, दोन वाफा म्या सांगतल्याच नाही. मले काढाचं हाय ना? सरळ सांगा."

साहेब म्हणाले, "मालक म्हणाले होते, मावशींच्या जागी दुसरं कोणी पाहा. मी नाही म्हणालो. म्हटलं, त्या बसून करतील, प्रणाली शिकली की आठवड्याला एक सुट्टी घेतील."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"रोज गुडघा इचारून राहिले, अन् ज्याचा मले घोर लागला होता थेच लपवलं! मी काय लहान लेकरू हावो?"

साहेबांनी मान खाली घातली. "चुकलं माझं, मावशी."

ह्या वेळी समोर गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून पार्बताबाईंना ते खरं वाटलं. त्यांनी पायानं स्टूल ओढलं, हातानं दोनदा हलवून पाहिलं आणि बसल्या.

"प्रणाली," त्या म्हणाल्या, "आण थे वही."