चार नंबरची पिशवी

चार नंबरच्या पिशवीत जे झालं ते माझ्यामुळे झालं. आधीच सांगून टाकते, म्हणजे मधेच कोणाला माझ्या जावेचा संशय यायला नको. तिचा संशय घ्यायला तशी बरीच कारणं आहेत, पण हे त्यातलं नाही.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर एक पोरगी आमच्या दारात आली. मुंबईहून लाँचने रेवसला उतरलेली, तिथून रिक्षाने. पाठीवर बॅग, हातात बर्फाची निळी पेटी. मला वाटलं आइस्क्रीमवाली. निघाली पीएचडीवाली. वरच्या अंगाच्या कारखान्यांचं पाणी नाल्यातून आमच्या खाडीत येतं. त्यातलं काय चिखलात मुरतं आणि चिखलातून तिसऱ्यांच्या पोटात किती जातं, हे तिला शोधायचं होतं. तिसऱ्या म्हणजे चिखलातल्या शिंपल्या. मी आणि माझी धाकटी जाऊ लग्न होऊन आलो तेव्हापासून ओहोटीला जाऊन त्या खणतो.

"आजी, तुम्ही त्या खाता?" तिने विचारलं.

"न्हाय, पाळतो," जाऊ म्हणाली.

पोरगी हसली, तेव्हाच मला आवडली.

पहिल्या दिवशी तिने मोबाइलमध्ये बघून ओहोटीची वेळ काढली. वेळ अगदी बरोबर, पण दिवस अष्टमीचा. अष्टमीला खाडीचं पाणी उतरतं ते नवी सून जेवते तसं, नावापुरतं. ही बिचारी गुडघाभर पाण्यात पाइप धरून उभी, आणि आम्ही दोघी बांधावर बसून शेंगा खातोय.

"अमावास्येला ये गो," मी म्हटलं. "ह्या पाण्यात तुझे पायच भिजतील, दुसरं काय मिळायचं न्हाय."

अमावास्येला ती आली. खाडीच्या तोंडापासून आत नाल्याच्या पलीकडेपर्यंत तिने सहा बांबू रोवले आणि त्यांना लाल फडकी बांधली. मला वाटलं आता नारळ फोडणार. एक नंबर खाडीच्या तोंडाशी, जिथे समुद्राचं पाणी खेळतं. चार नंबर बरोबर नाला पडतो तिथे. प्रत्येक बांबूपाशी पाइप खुपसून तिने चिखल काढला. तिसऱ्या खणणं मात्र तिला जमेना. आमचं खुरपं तिच्या हातात दिलं तर तिने शिंपल्या कमी आणि स्वतःची बोटं जास्त खरवडली. मग ठरलं असं, की दर अमावास्येला आम्ही दोघींनी प्रत्येक बांबूपाशी खणायचं, त्या त्या नंबरच्या पिशवीत तिसऱ्या भरायच्या आणि आमच्या फ्रीजात ठेवायच्या. ती येऊन घेऊन जाणार.

आता माझी गोष्ट. चार नंबरला मी खणलं, हे खरं. पण तिथे मिळाल्या दोन. काळ्या पडलेल्या, अर्धवट उघड्या, वास असा की जावेने पदर नाकाला लावला; आणि माझी जाऊ वासाला घाबरणारी बाई नव्हे, बोंबील घरात वाळवते. त्या दोन शिंपल्या मी हातात धरल्या आणि मनात आलं, हे पाहुण्याला द्यायचं? पोरगी एवढ्या लांबून येते. कोणाच्या घरी तिसऱ्या धाडायच्या तर आपण निवडून धाडतो, हीच रीत. मग मी त्या दोन फेकल्या, एक नंबरला गेले, अंगठ्याएवढ्या पोसलेल्या तिसऱ्या काढल्या आणि चार नंबरची पिशवी भरली. पुढच्या महिन्यातही तेच केलं. त्याच्या पुढच्याही.

माघातल्या अमावास्येच्या आदल्या दिवशी पोरगी आली ती तोंड पाडून. ओटीवर बसली, पेटी बाजूला ठेवली.

"आजी, काहीतरी चुकतंय माझं. चार नंबरचा चिखल सगळ्यात वाईट आहे. आणि तिसऱ्या सगळ्यात स्वच्छ चार नंबरच्याच. सर म्हणतात, तुझे आकडेच जुळत नाहीत, हा विषय सोडून दे."

खोटं कशाला बोलू, 'सगळ्यात स्वच्छ' ऐकून क्षणभर मला बरंच वाटलं. निवडलेल्या कोणी होत्या? मग तिचे डोळे बघितले. जाऊ माझ्याकडे बघत होती. मी चहा करायला आत गेले. कठीण प्रसंगी पळून जायला आमच्याकडे चहासारखी सोय नाही. साखर मी दोनदा घातली.

कप तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "पोरी, चार नंबरच्या तिसऱ्या चार नंबरच्या न्हायत. एक नंबरच्या हायत."

"मी तरी हिला सांगत होते," जाऊ म्हणाली. काही सांगत नव्हती. त्यातल्या पोसलेल्या तिनेच तर वेचल्या होत्या.

"पण का, आजी?"

"तिथे धड मिळत न्हायत. मिळतात त्या वास मारतात. तुला तसल्या कशा देऊ?"

"मला तसल्याच हव्या होत्या."

तो पाकासारखा चहा ती तोंड वाकडं न करता प्यायली, त्यावरून कळलं की लक्ष ठिकाणावर नाही. मग तिने वही काढली. "प्रत्येक महिन्यात तिथे किती मिळाल्या, आठवतं?"

आठवायला काय झालं? कार्तिकात दोन, मार्गशीर्षात एक, पौषात नुसती टरफलं. तिने लिहून घेतलं.

"आणि आधी? तिथे कधीच मिळत नव्हत्या?"

"मिळत न्हवत्या कशा? खाडीतली सगळ्यात चांगली जागा ती. माझ्या थोरल्याच्या लग्नात तिथल्याच शिजवल्या."

"लग्नात न्हाय, त्याच्या मुलीच्या बारशाला," जाऊ म्हणाली. "लग्नात तू कोंबड्या केलेल्यास. आणि त्या कच्च्या राहिलेल्या."

त्या कच्च्या राहिल्या नव्हत्या. ह्यावर आमचं अर्धा तास चाललं आणि त्या भरात आमच्या घरातली सगळी लग्नं, बारशी, एक घटस्फोटसुद्धा तिच्या वहीत गेला. कुठल्या कार्यापर्यंत कुठे खणत होतो आणि कधीपासून सोडलं, असं करत करत नाल्याच्या तोंडापासून आम्ही कशा सरकत आलो ते तिने कागदावर काढलं. ते बघून जाऊसुद्धा भांडण विसरली. एवढी वर्षं आम्ही मागे हटत होतो आणि एकमेकींना कधी म्हटलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला तिघी चार नंबरला गेलो. खणलं, पुन्हा खणलं. टरफलं निघाली. माझी मान आपोआप एक नंबरकडे वळली तर पोरीने माझं मनगट धरलं.

"नाही, आजी."

रिकाम्या पिशवीचं तोंड तिने बंद केलं, वर नंबर घातला, तारीख घातली आणि भरलेल्या पिशव्यांच्या शेजारी पेटीत नीट ठेवली. मग तिथेच चिखलात उभी राहून सरांना फोन लावला. बराच वेळ बोलली. फोन ठेवल्यावर म्हणाली, "चिखलाचे आकडे बरोबर आहेत. जुन्या चार नंबरच्या पिशव्या आता एक नंबरात जातील. विषय सोडायचा नाही. पण ह्यापुढे खणताना मी शेजारी उभी राहणार."

"राहा की. बोटं सांभाळ."

ते सगळं ठीक. पण रिकामी पिशवी घेऊन आमच्या दारातून कोणी गेलेलं मला चालत नाही. ती हातपाय धुवायला मागे गेली तेव्हा मी तिच्या पेटीत सुक्या जवळ्याची पुडी सरकवली, बर्फाच्या खाली.

दोन दिवसांनी फोन आला.

"आजी, पेटीत काय ठेवलंत? अख्ख्या लॅबमध्ये वास सुटलाय. सर विचारतायत, हे कितव्या नंबरचं सॅम्पल."

"त्याला नंबर न्हाय, सांग त्यांना," मी म्हटलं. "कांद्यावर परतायचं आणि खायचं."