टिकलीचं लोढणं

सोमाजीभाऊंएवढा धीराचा माणूस आमच्या गावात नाही, असं म्हणायची पद्धत होती. जाळं टाकून मासोळी येईस्तोवर जो बिडीसुद्धा पेटवत नाही, तो धीराचाच. पण यंदा गावात बिबट यायला लागला आणि भाऊंचा धीर सुटला.

बिबटाला माणसांत रस नव्हता. तो कुत्र्यांसाठी यायचा. एकेक करून त्याने गावची कुत्री नेली. उरली भाऊंची टिकली. रंग पिवळट, एक कान उभा, एक पडका, बापाचा पत्ता नाही. शेळ्यांमागे धावायची खोड, म्हणून गावाने ठरवलेलं : गळ्यात लोढणं असेल तरच टिकली गावात राहील. लोढणं म्हणजे गळ्यातून लोंबणारा लाकडी दांडका. जनावर धावलं की गुडघ्यांवर आदळतो. आता टिकलीला शेळी गाठता येत नव्हती, आणि बिबटापासून पळताही येत नव्हतं.

मी भाऊंना मोबाईलवर जाहिरात दाखवली. चंद्रपुरात कुत्र्यांची अडथळ्यांची शर्यत. पहिल्या तिनांत गावठी कुत्रं आलं तर शर्यत भरवणारे कुत्र्यांच्या शिकवणी-केंद्रवाले त्याला शिकवायला ठेवून घेणार, राहायला जाळीची खोली. भाऊंनी जाळीची खोली तेवढी ऐकली.

तळ्याच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, बांबू आडवा बांधून सराव सुरू झाला. लोढणं काढा म्हटलं, तर भाऊ म्हणाले, "तू शाळा शिकला, अक्कल नाई शिकला. वजन घेऊन उडी शिकली, का वजन काढल्यावर पाखरू होते."

मलाही पटलं. टिकली मान डावीकडे झटकायची, दांडका बाजूला झुलायचा, तेवढ्यात उडी. मध्येच जाळ्याला तरंगत ठेवणारी एखादी सुटलेली तुंबडी पाण्यातून ओढून आणायची, ते वेगळंच.

चंद्रपूरला आम्ही मासोळीच्या पिकअपमधून पोचलो. तिथल्या कुत्र्यांना शाम्पूचा वास, आमच्या तिघांना मासोळीचा. बॉर्डर कॉली नावाचं काळं-पांढरं कुत्रं मालकिणीच्या बोटाकडे बघत असं वळलं, की नवरेही वळत नसतील. जर्मन शेफर्ड शिस्तीचा, पण वळणावर बैलबंडीसारखा रुंद जायचा. डॉबरमनची उडी देखणी, पण उतावीळपणात उडीचा आडवा दांडा पाडला. लॅब्राडोर बोगद्यात शिरला आणि बिस्किटाची हाक येईपर्यंत आतच थांबला. माईकवरच्या पोराने सांभाळून घेतलं : लॅब्राडोरचं खरं कसब पाण्यातून वस्तू आणण्यात असतं.

टिकलीची पाळी आली. भाऊंनी लोढणं काढून पिशवीत टाकलं. टिकली सुटली, दांड्यापाशी आली, सवयीने मान डावीकडे झटकली. वजनच नव्हतं. ती भोवऱ्यासारखी फिरली आणि दांड्याला वळसा घालून निघाली. पुढच्या दांड्यालाही तेच. लोक पोट धरून हसले. भाऊ हसणाऱ्यांकडे नाही, पिशवीकडे बघत होते.

मग ते परीक्षक बाईंपुढे लोढणं घेऊन उभे राहिले. एकदा हे बांधून पळू द्या, एवढंच मागत होते. गळ्यात लोंबतं काही चालत नाही, असा नियम बाईंनी सांगितला. पण माणूस हलेचना, तेव्हा शेवटी मोजणीबाहेर पळू दिलं.

टिकली लोढण्यासकट पळाली. एक दांडा पडला नाही. कॉली सोडली तर तिच्याइतकं चटपटीत दिवसभरात कोणी पळालं नव्हतं. टाळ्या पडल्या. भाऊंना वाटलं, झालं.

"बाई, हे धरता ना?"

"नाही धरता येत, काका."

"मंग नका धरू. हरली म्हणून ठिवा. कोपऱ्यात राहीन ते. आमच्या गावात तिले बिबट नेते, बाई."

बाईंनी खाली बघितलं. केंद्रात जागा ठरलेल्या कुत्र्यांपुरतीच होती.

परतीला पिकअपने आम्हाला पाळीवर सोडलं. पलीकडे गाव. भाऊंच्या हातात लोढणं. बांधलं तर बिबट, नाही बांधलं तर गाव. भाऊ पाळीवर बसले ते उठेचनात. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी का करू, तूच सांग."

मग त्यांनी हात मागे नेला आणि होता तेवढ्या जोराने लोढणं तळ्यात भिरकावलं.

लाकूडच ते, तरंगलं. टिकलीने क्षणभर बघितलं, पाण्यात उडी घेतली, लॅब्राडोरच्या तोंडात मारेल अशी सरळ पोहत गेली, आणि लोढणं आणून भाऊंच्या पायाशी ठेवून शेपटी हलवत उभी राहिली.