न्यूट्रललाच सुरू होणारी गाडी

वहिनीची हाक आली तेव्हा मी बांगडे साफ करून त्यांना हळद-मीठ लावत होते. "वन्सं!" एवढंच... पुढे काही नाही. आमच्या दोन घरांमध्ये फक्त एक कमरेएवढा दगडी गडगा आहे, आणि वहिनी काही हाका मारणाऱ्यातली नव्हे. तिला काही हवं असलं की ती सरळ मागच्या दाराने आत येते. म्हणून हात न धुताच धावले. गणपती होऊन गेले होते, पाऊस मात्र अजून हटत नव्हता. दादाची जुनी ऑटोमॅटिक गाडी अंगणातल्या चढावरून मागे येऊन फाटकाला टेकली होती, इंजिन सुरू होतं, आणि दादा गाडीच्या आणि फाटकाच्या मध्ये होता. बाजारातून आला, गाडी आत चढवली, आणि गुरं शिरू नयेत म्हणून नेहमीसारखा उतरून फाटक लावायला मागे गेला. गाडीकडे त्याची पाठ होती. डॉक्टर म्हणाले, त्याला फारसं कळलंही नसेल. डॉक्टर भला माणूस आहे, असं सांगायचंच असतं त्यांना. या गोष्टीला आता सात आठवडे झाले.

मी शाळेत विज्ञान शिकवायचे, त्यामुळे जे झालं ते क्रमाने मांडायची मला खोड आहे. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कंपनीची बस त्याने उभी हयात चालवली. पहिल्या पाळीची माणसं न्यायची, रात्रपाळीची घरी सोडायची. तीस-पस्तीस माणसं मागे झोपलेली असत आणि हा एकटा जागा. "माझ्या भरवशावर घोरतात मेले," असं कौतुकाने सांगायचा. निवृत्त होऊन रत्नागिरीला आला तो डावा गुडघा कामातून घालवूनच. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी क्लच बंद केला. आयुष्यभर गाडी चालवलेल्या माणसाला रिक्षात मागे बसायची वेळ आली, तेव्हा त्याचं तोंड बघवत नसे. मग पुण्याच्या एका ओळखीच्यांकडून ही पंधरा वर्षं जुनी ऑटोमॅटिक आली. क्लच नाही, दांडी फक्त पी, आर, एन, डी अशी सरकवायची. पी म्हणजे गाडी जागच्या जागी अडकवून ठेवायची, आर मागे, एन न्यूट्रल, डी पुढे. दादाला दुसरा जन्म मिळाल्यासारखं झालं. आणि जन्म मिळाल्याबरोबर त्याने आम्हा दोघींना छळायला घेतलं. वहिनी साठीची, मी सत्तावन्नची, आणि हा रोज सकाळी आम्हाला चंपक मैदानाकडे घेऊन जायचा. आम्ही शिकलो हो! उभ्या जन्मात दुसरी कुठलीच गाडी चालवली नव्हती, म्हणून लवकर शिकलो.

दोन वर्षं सगळं छान चाललं. मग हातखंब्याच्या चढाला गाडीने पहिल्यांदा दगा दिला. इंजिन ओरडतंय आणि गाडी जागची हलत नाही. त्यानंतर सकाळी डीला टाकली की गाडी क्षणभर विचार करी आणि मग धक्का देऊन निघे. गावातल्या तिन्ही गॅरेजवाल्यांनी हात वर केले. "काका, ऑटोमॅटिक आम्ही उघडत नाही. कोल्हापूरला न्या." दादा घरी आला तो फणफणतच. "न्या म्हणे कोल्हापूरला! आंबा घाटात बसली तर काय खांद्यावरून नेऊ?" आणि त्या दिवसापासून आमच्या अंगणात इस्पितळ सुरू झालं.

पेशंट गाडी, डॉक्टर दादा, आणि कंपाउंडर मी. मी ब्रेकवर पाय दाबून आत बसायचं, त्याने बॉनेटपाशी कान लावून उभं राहायचं. "आर टाक गो... थांब... डी टाक... एक... दोन... बघ, दोन मोजेपर्यंत पकडत नाही!" मग वहीत नोंद. थंड गाडीला किती वेळ, तापल्यावर किती वेळ, पाऊस होता की ऊन. गिअरबॉक्सचं तेल गाडी तापलेली आणि चालू असतानाच बघायचं, हे त्याने मला इतक्या वेळा सांगितलं की झोपेतही म्हणून दाखवीन. पांढऱ्या कागदावर तेलाचा एक थेंब टाकायचा आणि माझ्या नाकाखाली धरायचा. "वास घे. करपलेलं लागतं की नाही?" मी म्हणे, "दादा, मी आताच जेवले आहे." त्याला कुठलं ऐकू येतंय! गाडीला जोडायचं एक यंत्र मागवलं, त्यात आलेले आकडे मोबाइलवर शोधले, चष्मा कपाळावर ठेवून तासन्‌तास वाचत बसला. सगळं तेल एकदम बदललं तर जुना गिअरबॉक्स घसरतो असं कुठेसं वाचलं, म्हणून थोडं थोडं करून तीनदा बदललं. आणि खरंच... धक्का गेला. चढाला गाडी गुमान चढू लागली. त्या दिवशी दादाने आम्हा दोघींना भाट्याच्या किनाऱ्यावर नेऊन शहाळं पाजलं आणि बस चालवायचा तेव्हासारखा मोठमोठ्याने गात घरी आणलं. कोल्हापूरवाल्यांच्या नावाने बोटंही मोडली. मला वाटतं, त्याच्या आयुष्यातला तो शेवटचा पुरा आनंदाचा दिवस. आणि तेव्हा गाडीत दुसरंच काहीतरी सुरू झालेलं होतं.

हे मला कसं माहीत? मला माहीत होतं म्हणून. जूनमध्ये मी पोस्टात जायला गाडी घेतली, पीमध्येच किल्ली फिरवली, आणि गाडी ढिम्म. मला वाटलं बॅटरी. दांडी एनवर आणून पुन्हा फिरवली, सुरू झाली. चार दिवसांनी पुन्हा तेच. पुढे पुढे मी पीवर प्रयत्न करणंच सोडलं. दादाला सांगायचं रोज मनात येई आणि रोज मी गिळून टाकी. कारण सांगितलं असतं तर काय झालं असतं? "बस गो आत," म्हणाला असता, आणि माझी सकाळ गेली असती. आर टाक, डी टाक, एक, दोन, तीन. कंटाळा आला होता मला. दुसरं काहीही कारण नव्हतं. आज कुणी मला त्या सीटवर दिवसभर बसवून ठेवलं तर मी ब्र काढणार नाही... पण आता कोण बसवतंय.

तेराव्यानंतर कोल्हापूरहून एक मिस्त्री आले. पन्नाशीचे, कमी बोलणारे. पोलिसांचा पंचनामा झालेला होता, पण गाडी मागे का आली हे भाच्याला, दादाच्या मुलाला, जाणून घ्यायचं होतं. त्यांनी आधी दादाची वही उभ्यानेच पहिल्या पानापासून वाचली. "काकांनी सगळं बरोबर शोधलंय," म्हणाले. मग गाडीखाली गेले आणि कोटाच्या बटणाएवढा प्लॅस्टिकचा एक झिजलेला तुकडा हातावर घेऊन आले. दांडीपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी तार याने धरलेली असते. हा झिजला की दांडी पीला दिसते, पण आत गिअरबॉक्स पीला पोचलेलाच नसतो; आर आणि पीच्या मध्ये कुठेतरी लोंबकळत राहतो, आणि इंजिनाच्या थरथरीने कधीतरी आरमध्ये पडतो. हँडब्रेक ओढलेला असता तर गाडी थांबली असती. पण पावसाळ्यात हँडब्रेक ओढला की आमच्या दमट हवेत तो गंजून चिकटतो. गाडी गिअरमध्ये अडकवून ठेवायची आणि चाकाला चिरा, म्हणजे जांभ्या दगडाचा ठोकळा, लावायचा, हा इथल्या प्रत्येक ड्रायव्हरचा नियम. दादाने तर तो लोट्याच्या बसवर जन्मभर पाळलेला. पावसाचे चार महिने हँडब्रेकला तो हात लावत नसे, आणि चिरा लावायचा तो फाटक लावून आल्यावर.

मिस्त्री म्हणाले, "याची एक खूण असते. गिअरबॉक्स पीला पोचला नाही की गाडी पीला सुरू होत नाही, एनला होते. काकांनी एवढं लिहिलंय, मग हे कसं नाही लिहिलं?" भाचा म्हणाला, "बाबा नेहमी न्यूट्रलवरच सुरू करायचे. दांडी दोनदा हलवून, न्यूट्रल आहे ना बघून, मगच किल्ली. बसची सवय." मिस्त्रींनी मान हलवली. "तरीच. त्यांना ते दिसणारच नाही. दुसरं कुणी चालवायचं का गाडी?" अंगणात मी उभी होते, पायरीवर वहिनी उभी होती. मी म्हटलं, "नाही. दादाच." वर्गात चाळीस पोरांच्या थापा पकडलेली मी, आणि माझ्या तोंडून असं सहज निघालं की मलाच भीती वाटली. भाच्याला आम्ही दोघी गाडी शिकल्याचं माहीत होतं. तो माझ्याकडे बघत राहिला, पण त्याने मला खोटं पाडलं नाही.

त्यानंतर मला जेवण जाईना. पीला सुरू होत नाही, एवढे चार शब्द. दादाने ते ऐकल्या ऐकल्या गाडीखाली सतरंजी टाकली असती, दुखऱ्या गुडघ्यासकट. गेल्या सोमवारी मागच्या दाराने वहिनीकडे गेले. ती माजघरात एकटीच बसली होती. मी खाली बसले आणि सगळं सांगून टाकलं. जून, पोस्ट, एन, कंटाळा, मिस्त्रींशी बोललेली थाप. म्हटलं, "वहिनी, मी सांगितलं असतं तर दादा आज असता. आता तू मला या घरात घेऊ नकोस."

मला वाटलं, ती उठून जाईल. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "वन्सं, माझ्याकडे तर ती मेपासूनच पीला सुरू होत नव्हती. मीही एनला घालूनच न्यायची. म्हटलं, नुकती कुठे गाडी बरी झालीय, हे आनंदात आहेत... परत उघडून बसतील." आणि मग पहिल्यांदाच, हे सगळं झाल्यापासून पहिल्यांदाच, ती मोठ्याने रडली.

दादाविषयी लिहायला मला वर्तमानपत्राच्या पुरवणीवाल्यांनी सांगितलं, तेव्हा मी वहिनीला विचारलं, काय लिहू? त्याची बस लिहू, गाणी लिहू, की हे लिहू? ती म्हणाली, "हेच लिहा. पोरालाही तिथेच वाचू दे, माझ्या तोंडून निघणार नाही. पण एकटीच्या अंगावर घेऊ नका, वन्सं. मीही होते."